शिवीला पत्ता नसतो

माणसाने घराला कुंपण घालायच्या कितीतरी आधी भाषेला कुंपण घातले असावे. आतले ते आपले, बाहेरचे ते परके. आणि त्या परक्यांसाठी प्रत्येक भाषेने एखादा तरी शब्द राखून ठेवलेला आहे. तुर्की भाषेतला असा शब्द म्हणजे ‘ग्यावुर’. शब्दकोशात त्याचा अर्थ साधा आहे : जो मुसलमान नाही तो. पण बोलण्यात तो कधीच इतका साधा नव्हता. ऑटोमन साम्राज्यात ग्रीक, आर्मेनियन, सर्ब, बल्गेरियन अशा लाखो ख्रिस्ती प्रजेला या एका शब्दाने हिणवले गेले. इंग्रज कवी बायरनने १८१३ साली एका काव्याला हेच नाव दिले आणि तो शब्द युरोपभर पोचला.

कवठे महांकाळच्या माणसाला या तुर्की शिवीचे काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे, आणि ते बरेच जुने आहे. हा शब्द जिथून निघाला तिथूनच निघालेले दुसरे शब्द आपल्या किनाऱ्यावर उतरले. आणि आपण ज्या शब्दांनी परक्यांना ओळखले त्यांतला एक तर थेट त्या तुर्कांच्याच किनाऱ्यावरून आला. शिव्यांचा हा प्रवास नीट पाहिला तर आपल्याच तोंडातल्या काही शब्दांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

पेरणी करणारा तो काफिर

ग्यावुर हा शब्द तुर्कीत आला तो फार्सीतल्या ‘गब्र’ या शब्दावरून. इराणात इस्लाम आल्यावर जे अग्निपूजक जरथुष्ट्री आपल्या जुन्या धर्माला धरून राहिले त्यांना गब्र म्हणत, आणि ते म्हणण्यात आदर नसे. हा गब्र म्हणजे अरबी ‘काफिर’चेच बदललेले रूप असावे, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे, काहींना ते मान्य नाही. पण तुर्की बोलणाऱ्यांच्या मनात ग्यावुर आणि काफिर यांचा अर्थ एकच होऊन बसला, यात वाद नाही.

या काफिरचे मूळ मात्र आपल्या भागातल्या शेतकऱ्याला ऐकायला आवडेल. अरबीत त्या धातूचा अर्थ आहे झाकणे. सत्य झाकतो, उपकार झाकतो, तो काफिर. पण झाकण्याचे काम आणखी एकजण करतो : शेतकरी. कुरीने जोंधळा पेरायचा आणि मागून कुळव फिरवून बी मातीआड करायचे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. जुन्या अरबीत बी झाकणाऱ्या या माणसालाही काफिर म्हणत. कुराणाच्या सत्तावन्नाव्या सूरेत पावसाने तरारलेले पीक पाहून हरखणाऱ्या शेतकऱ्यांसाठी याच शब्दाचे अनेकवचन आले आहे. म्हणजे ज्या शब्दासाठी पुढे माणसे मारली गेली, तो शब्द एके काळी बांधावर उभा होता.

आता गब्र म्हणवून घेणाऱ्यांचे काय झाले ते पाहू, कारण ती गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. इराणातून पूर्वीच निघून आलेले पारशी गुजरात-मुंबईत स्थिरावले, व्यापारात मोठे झाले. मागे राहिलेल्यांचे हाल चालूच होते. त्यांची चौकशी करण्यासाठी मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणात पाठवले. हा माणूस जवळजवळ सारे उरलेले आयुष्य तिथे राहिला. दरबारी अर्ज-विनंत्या करीत राहिला, शाळा काढल्या, अग्यारी दुरुस्त केल्या. अखेर १८८२ साली इराणचा शहा नासिरुद्दीन याने जरथुष्ट्रींवरचा जिझिया उठवला. याच इराणी जरथुष्ट्रींपैकी अनेकजण पुढे मुंबई-पुण्यात आले आणि त्यांनी हॉटेले काढली. संगमरवरी टेबलावर आपल्यापुढे चहा आणि मस्का-पाव ठेवणाऱ्या कित्येक इराण्यांचे आजे-पणजे स्वतःच्या गावात गब्र या हाकेला ओ देत होते. आपण त्यांना नुसते ‘इराणी’ म्हटले. कधी कधी एखाद्या माणसाला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारणे, एवढाही मोठा उपकार असतो.

काफिरची दुसरी वाट समुद्रावरून गेली. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अरब व्यापारी तिथल्या मुसलमान नसलेल्या लोकांना काफिर म्हणत. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, त्याचा ‘काफ्र’ केला आणि त्याचा अर्थ लावला काळा माणूस. गोव्यात गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकन ‘खापरी’ झाले; तिथे खापरी नावाच्या देवाला आजही नारळ ठेवला जातो. मराठीत ‘काफ्री’ हा शब्द आफ्रिकन माणसासाठी सरसकट लिहिला जाई. दक्षिण आफ्रिकेत मात्र गोऱ्यांनी त्याची अशी शिवी केली की आज तिथे तो शब्द कोणी पुरता उच्चारीतही नाही. २०१८ साली तिथल्या न्यायालयाने एका गोऱ्या बाईला, पोलिसांना उद्देशून तो शब्द पुन्हा पुन्हा वापरल्याबद्दल, तुरुंगात पाठवले. देव न मानणाऱ्यासाठी निघालेला शब्द कातडीच्या रंगावर जाऊन बसला. पोलिसांचा देव कोणता, हे त्या बाईला विचारावेसेही वाटले नसेल.

यवन कोण?

आता आपल्या घरात येऊ. आपल्या जुन्या मराठीत मुसलमानांसाठी तीन शब्द वारंवार येतात : म्लेंच्छ, यवन आणि अविंध.

म्लेंच्छ हा मुळात धर्माचा शब्द नव्हे, उच्चाराचा. ज्याला आपल्यासारखे शुद्ध बोलता येत नाही तो म्लेच्छ. शतपथ ब्राह्मणात असुरांचा पराभव झाला तो त्यांनी शब्द चुकीचा उच्चारला म्हणून, अशी कथा आहे. ग्रीकांनीही परक्यांना असेच नाव ठेवले. ज्यांचे बोलणे कानाला ‘बर्‌बर्‌’ असे वाटते ते बर्बर. म्हणजे दोन्हीकडच्या शहाण्यांनी, आपल्याला दुसऱ्याची भाषा कळत नाही हा आपला उणेपणा दुसऱ्याच्या नावावर मांडून ठेवला.

अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. बारशानंतर सोनाराला बोलावून बाळाचे कान टोचण्याची आपली रीत. ती ज्यांच्यात नाही ते अविंध. बखरींतून आणि पत्रव्यवहारातून हा शब्द कितीतरी वेळा येतो. एवढे मोठे राजकारण, एवढ्या लढाया, आणि माणसातला फरक सांगायला शेवटी कानाची पाळी पुरली.

पण खरी मौज आहे ती यवन या शब्दात. इझमीर हे आज तुर्कस्तानातले मोठे बंदर. तो सारा किनारा प्राचीन काळी ग्रीकांचा. त्याचे नाव आयोनिया. त्या आयोनियावरून इराणी लोकांनी ग्रीकांना ‘यौन’ म्हटले, अशोकाच्या लेखांत ते ‘योन’ झाले, संस्कृतात ‘यवन’. अरबीत त्याचेच ‘युनान’ झाले. म्हणून ग्रीकांकडून आलेले वैद्यक ते युनानी. आपण ज्याला यवन म्हणतो आणि ज्याला युनानी औषध म्हणतो, ते एकाच शब्दाचे दोन भाऊ आहेत. आणि गंमत पाहा, आपण एखाद्या गोष्टीची तोंडभरून स्तुती करतो तेव्हा तिला ‘अफलातून’ म्हणतो. अफलातून म्हणजे प्लेटो, म्हणजे यवनच!

या यवनांना आपल्याकडे सुरुवातीला कोणी हिणवले नव्हते. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. तिथल्या खांबांपैकी अनेक खांब ‘धेनुकाकटचा यवन’ म्हणून स्वतःची ओळख देणाऱ्या दात्यांनी दिलेले आहेत. तसे लेख त्या खांबांवर कोरले आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यात इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने लेणे खोदवून घेतले. नाव इंद्राग्निदत्त, कूळ यवन, धर्म बौद्ध, आणि लेणे महाराष्ट्रात! त्याने स्वतःला यवन म्हणवून घेतले ते लाज म्हणून नव्हे. गाव सांगावे तसे सांगितले.

पुढे ग्रीक गेले, शब्द राहिला. रिकाम्या खोलीत नवा भाडेकरू यावा तसे त्या शब्दात आधी पश्चिमेकडून येणारे सगळेच आले आणि शेवटी मुसलमान आले. तिकडे इझमीरमध्ये तुर्कांचे राज्य झाले. त्या बंदरात ग्रीक, आर्मेनियन आणि युरोपीय व्यापाऱ्यांची वस्ती मोठी. म्हणून तुर्क लोक त्या शहराला ‘ग्यावुर इझमीर’ म्हणत. आता हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आणा. आयोनियाच्या किनाऱ्यावरचा ग्रीक, म्हणजे अस्सल यवन, त्याला तुर्क म्हणतो ग्यावुर. आणि इकडे आपण तुर्काला म्हणतो यवन! शिवीला पत्ता नसतो तो असा. ती ज्या दारावर थांबेल तिथे मालकाचे नाव न वाचता आत शिरते.

एकनाथांनी दोघांचेही ऐकले

‘ते आम्हाला काफर म्हणत होते, मग आम्ही यवन म्हटले तर बिघडले कुठे?’ हा प्रश्न आज चावडीवर आणि मोबाइलवर दोन्हीकडे विचारला जातो. त्याला सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथ महाराजांनी उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांचे ‘हिंदू-तुर्क संवाद’ नावाचे भारूड आहे. त्यात तुर्क हिंदूला काफर म्हणतो. हिंदू त्याला विटाळ होईल, लांब हो, असे बजावतो. मग दोघे एकमेकांच्या देवांची, ग्रंथांची, रीतिरिवाजांची चिरफाड करतात. एकही उणेदुणे शिल्लक ठेवीत नाहीत. आणि सगळे बोलून झाल्यावर, बोलण्यातूनच, दोघांना एकमेकांचे पटते आणि ते एकमेकांना आलिंगन देतात.

नाथांनी हे लिहिले तेव्हा दख्खनेत सुलतानांची राज्ये होती. त्यांनी तुर्काला शहाणपण शिकवून हिंदूला जिंकवले नाही, की भांडण मिटावे म्हणून खोटी गोड भाषा वापरली नाही. त्यांनी दोन्ही तराजू समोरासमोर ठेवले. आणि त्यात आपल्या वाट्याचे जे आले ते फार बोचणारे आहे. तुर्काला हिणवायला एक शब्द लागला. हिंदूला शब्दही लागला नाही, ‘लांब हो’ एवढ्यावर काम झाले.

ते ‘लांब हो’ आपण नुसते तुर्कालाच म्हणत होतो का? तुर्कस्तानातला ग्यावुर निदान दुसऱ्या धर्माचा तरी होता. आपण तर आपल्याच देवाला हात जोडणाऱ्या माणसांना गावकुसाबाहेर ठेवले आणि त्यांच्या वस्त्यांना त्यांच्या जातीची नावे देऊन ती सातबाऱ्याइतकी पक्की केली. ग्यावुर या शब्दाचा इतिहास वाचून तुर्कांना नावे ठेवायला निघालेल्या मराठी माणसाने आधी आपल्या गावच्या वाड्यांची जुनी नावे आठवून पाहावीत.

फर्मानाने तोंड बंद होत नाही

तुर्कांनाही हे कळले होते. १८ फेब्रुवारी १८५६ रोजी सुलतान अब्दुल मजीद याने एक मोठे फर्मान काढले. धर्म, भाषा किंवा वंश यांवरून प्रजेच्या कुठल्याही वर्गाला हलके ठरवणारे शब्द सरकारी कागदांतून कायमचे काढून टाकावेत. अधिकाऱ्यांनी आणि सामान्य लोकांनीही असे अपमानकारक शब्द वापरू नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्यावर तुर्की लोकांनी विनोद केला तो आजही सांगतात : ‘आता म्हणे ग्यावुराला ग्यावुर म्हणायचे नाही!’ फर्मान निघाले, शब्द जागच्या जागी राहिला. आजही तुर्कीत विनाकारण छळ करण्याला ‘ग्यावुराचा छळ’ म्हणतात आणि आपण आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतो तसे तिथे ‘ग्यावुरावर रागावून रोजा मोडतात’. बोलणाऱ्याच्या मनात कोणी ग्रीक नसतो, आर्मेनियन नसतो. आपणही ‘ही काय मोगलाई लागून गेली आहे का?’ असे म्हणतो तेव्हा कुठला मोगल आठवतो?

आपल्याकडचे फर्मानही पाहू. १९८९ साली अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा कायदा झाला. चारचौघांत जातीवरून अपमान करणे हा गुन्हा ठरला. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. दोन्ही गोष्टी हव्याच होत्या. पण सरकारला नाव बदलता येते, जीभ बदलता येत नाही. आपला जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा झाला, १९६० साली सांगली झाला. एका पिढीत लोक नव्या नावाला सरावले. कारण त्या नावात कोणाला कमी लेखायचे नव्हते. जिथे दुसऱ्याला कमी लेखण्याची सोय असते, ते नाव सोडायला माणसाला तीन पिढ्याही पुरत नाहीत.

काहीजण म्हणतात, शब्दाने काय होते? गमतीत म्हणतो. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. १९२३ साली तुर्कस्तान आणि ग्रीस यांनी लोकसंख्येची अदलाबदल केली. सुमारे १२ लाख ख्रिस्ती इकडून तिकडे आणि जवळपास ४ लाख मुसलमान तिकडून इकडे आले. क्रीट बेटावरून तुर्कस्तानात आलेल्या मुसलमानांची भाषा ग्रीक होती. त्यांना तिथे नाव पडले ‘अर्धे ग्यावुर’. आणि तुर्कस्तानातून ग्रीसमध्ये गेलेल्या ख्रिस्ती लोकांना तिथले ख्रिस्ती म्हणू लागले ‘तुर्काचे बियाणे’. धर्मासाठी घरदार सोडून आलेल्या माणसाला त्याच्याच धर्माच्या लोकांनी ही सलामी दिली. शिवी एकदा घरात ठेवली की ती परक्यांपुरती राहात नाही. सुधारणा करू पाहणाऱ्या दुसऱ्या महमूद सुलतानालाही त्याची प्रजा ‘ग्यावुर बादशहा’ म्हणत होती.

दुसरी गोष्ट अलीकडची. ह्रांट डिंक हा इस्तंबूलमधला आर्मेनियन पत्रकार. तुर्क आणि आर्मेनियन यांनी एकमेकांशी बोलावे म्हणून त्याने १९९६ साली ‘आगोस’ हे साप्ताहिक काढले. १९ जानेवारी २००७ रोजी त्याच्याच कचेरीच्या दारात एका पोराने त्याला गोळ्या घातल्या. ‘ग्यावुराला मारले’ असे ओरडत तो पोरगा पळाल्याचे पाहणाऱ्यांनी सांगितले, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. त्या पोराने तो शब्द काही पिस्तुलाबरोबर विकत घेतला नव्हता. कोणीतरी, कधीतरी, बहुधा गमतीतच, तो त्याच्या कानावर घातला असणार. मात्र हेही सांगितले पाहिजे की डिंकच्या अंत्ययात्रेत लाखाहून अधिक माणसे चालली, त्यांत तुर्क मोठ्या संख्येने होते, आणि त्यांच्या हातांतल्या फलकांवर लिहिले होते की आम्ही सगळे आर्मेनियन आहोत.

नावाने हाक मारायची गोष्ट

आपल्या भागात आपण एकमेकांना कोणत्या नावाने ओळखतो? मुलाणी, शिकलगार, तांबोळी, अत्तार, बागवान, नदाफ, मुजावर, मणेर. ही सगळी कामांची नावे आहेत. हत्यारांना धार लावणारा, पाने विकणारा, कापूस पिंजणारा, बांगड्या भरणारा. जत्रेचे बकरे मुलाण्याच्या हातून पडते आणि घरच्या बाया मणेराला नात्यातल्यासारखे ‘मामा’ म्हणून हात पुढे करतात. याच जिल्ह्यात कडेगावचे उंच ताबूत मोहरमला एकमेकांना भेटतात. त्यांतल्या काही ताबुतांचा मान हिंदू घराण्यांकडे आहे. ही काही पुस्तकातली एकात्मता नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांवाचून अडत होते, त्यातून ती आली.

पण याच जिल्ह्यात, कवठे महांकाळहून फार लांब नसलेल्या मिरजेत, २००९ च्या गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली आणि तिची झळ सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेली. त्या दिवसांत कोणी कोणाला शिकलगार, तांबोळी, पाटील, माळी म्हटले नसेल. कामांची आणि नात्यांची नावे गळून पडली आणि दोन्हीकडून तेच जुने शब्द बाहेर आले. ते इथे छापायचे कारण नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ आहेत. ते कुठल्या शाळेत शिकवले होते? कुठल्याच नाही. ते आपल्या ओसरीवर शिकवले गेले, पोरे समोर बसलेली असताना.

शब्दांचे सोने करणेही आपल्याला जमते, हे विसरू नये. ‘गनीम’ म्हणजे शत्रू, लुटारू. मोगलांचे अखबार मराठ्यांना गनीम म्हणत. आज ‘गनिमी कावा’ म्हणताना आपली छाती फुगते. उर्दू गझलेने तर काफिर हा शब्द आपल्या प्रेयसीलाच देऊन टाकला. पण शिवीचे सोने करण्याचा हक्क ज्याला ती दिली त्याचा असतो, देणाऱ्याचा नव्हे. देणाऱ्याच्या हातात एकच गोष्ट असते, ती म्हणजे ती न देणे.

हे काम सुलतानाच्या फर्मानाने झाले नाही, ते आपल्या सरकारच्या आदेशानेही पुरते होणार नाही. ते जेवणाच्या पानावर होईल. आजोबा एखादी जुनी हकीकत रंगवून सांगताना जिथे तो शब्द येतो, तिथे क्षणभर थांबून माणसाचे नाव घेतील. काका फोनवर आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी वाचून बघतील. आणि पोराने बाहेरून उचलून आणलेला शब्द घरात उच्चारला तर आई हसून सोडून देण्याऐवजी विचारील, ‘कोणाला म्हणालास रे? नाव काय त्याचं?’ बहुतेक वेळा पोराला नाव ठाऊक असते. शेजारच्या बाकावरच बसत असतो तो.